सात दिवसांचा लूप आणि परतीच्या वाटेतला ओढा: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

चौघं जण, ७६ किलोमीटरचा लूप, म्हणजे गोल फिरून सुरुवातीच्या जागी परत येणारा ट्रेक, सात दिवस सहा रात्री. वेळ वसंताची अगदी सुरुवात, म्हणजे खाली दरीत झाडांना पालवी फुटायला लागलेली आणि वर खिंडीत अजून कंबरभर बर्फ. जागेचं आणि माणसांचं नाव मुद्दाम गाळलंय, कारण जागा कळली की सगळी चर्चा "अरे तिकडे तर आम्ही पण" अशी होते आणि मुद्दा राहतो बाजूला. ग्रुपमध्ये ज्या नावांनी हाका मारतो तीच इथे वापरतो. दादा म्हणजे सगळ्यात अनुभवी, ताई म्हणजे जिच्याकडे जेवण, औषधं आणि बऱ्यापैकी अक्कल असते ती, धाकटा म्हणजे बर्फातला पहिलाच मोठा ट्रेक असलेला, आणि नकाशा माझ्याकडे. त्यामुळे खाली ज्या चुका येतील त्यातल्या निम्म्या माझ्याच आहेत.

हाच लूप दादा, ताई आणि मी उन्हाळ्याच्या शेवटी पाच दिवसांत केला होता, आरामात, दुपारी झोपा काढत. म्हणून बर्फाच्या दिवसांत सात दिवस म्हणजे भरपूर झाले असं आम्ही धरून चाललो, आणि अख्खी गडबड तिथूनच सुरू झाली.

लूपचा साधा आराखडा असा. सुरुवात १४५० मीटरवर, जिथे रस्ता संपतो तिथे. सगळ्यात उंच जागा म्हणजे साधारण ३०५० मीटरची खिंड. एका बाजूला सुरुवातीपासून १२ किलोमीटरवर एक ओढा, ओढा कसला, वसंतात नदीच म्हणायची, त्याला पूल नाही. खिंडीची एक बाजू उत्तरेकडे तोंड करून, सावलीची, चढ अंगावर येणारा. दुसरी बाजू दक्षिणेकडची, उन्हाची, पसरट. हे उत्तर गोलार्धातलं गणित, त्यामुळे उत्तरेकडच्या उतारावर बर्फ सगळ्यात शेवटी वितळतं.

अडचण नेमकी काय होती

उन्हाळ्यात या लूपवर प्रश्न एकच असतो, पाय दुखतील का. वसंताच्या सुरुवातीला तीन प्रश्न असतात आणि ते एकमेकांत अडकलेले असतात. बर्फ किती खालपर्यंत आहे आणि कसं आहे, ओढ्याला पाणी किती आहे, आणि तीव्र उतारावरचं बर्फ जागेवर बसलंय की खाली यायला निघालंय. तिन्हीची उत्तरं दिवसात तासातासाला बदलतात. पहाटे पाचला जे बर्फ रस्त्यासारखं कडक असतं तेच दुपारी बाराला ओल्या साखरेसारखं होतं आणि माणूस गुडघ्यापर्यंत आत जातो. वितळलेलं पाणी वरून खाली यायला वेळ लागतो, म्हणून ओढा दुपारनंतर चढत जातो, संध्याकाळी किंवा रात्री उशिरा सगळ्यात जोरात असतो आणि पहाटेच्या सुमाराला सगळ्यात कमी. म्हणजे किती किलोमीटर चालायचंय यापेक्षा कुठल्या ठिकाणी किती वाजता असायचंय हा खरा प्लॅन.

आम्हाला हे माहीत नव्हतं का, तर होतं. पण माहीत असणं वेगळं आणि एक्सेल शीटमध्ये तसा कॉलम असणं वेगळं. माझ्या शीटमध्ये कॉलम होते किलोमीटर, चढ, उतार, मुक्काम. वेळेचा कॉलम नव्हता.

अंदाजासाठी नेस्मिथचा नियम वापरला. विल्यम नेस्मिथ हा स्कॉटिश गिर्यारोहक, त्याने १८९२ मध्ये मांडलेला हिशोब असा की सपाटीवर ताशी साधारण ५ किलोमीटर आणि वर दर ६०० मीटर चढाला एक तास जास्तीचा. त्या हिशोबाने दुसरा दिवस, १० किलोमीटर आणि ६०० मीटर चढ, तीन तासांचा. मी ओझं आणि बर्फ धरून दुप्पट केलं, सहा तास. दुप्पट केलं म्हणजे आपण फार सावध आहोत असंही वाटलं. पण नियम बनलाय तो पायाखाली घट्ट जमीन धरून, आणि रुतणाऱ्या बर्फात दुप्पट चौपट असं काही चालत नाही, तिथे वेग ताशी एक किलोमीटरवर येतो आणि तुम्ही काहीही केलं तरी तिथेच राहतो.

घरी बसून तोललेले पर्याय

पहिला पर्याय होता लूप मागच्या वेळेसारखाच घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. उन्हाच्या बाजूने खिंड चढायची, सावलीच्या बाजूने उतरायची, ओढा सहाव्या दिवशी. दुसरा, तोच लूप उलटा. तिसरा, खिंडीत जायचंच नाही, खालच्या जंगलातून जाऊन त्याच वाटेने परत. चौथा, पाच-सहा आठवडे थांबायचं. चौथा पर्याय सगळ्यात शहाणपणाचा होता आणि तो दहा मिनिटांत उडाला, कारण चौघांच्या सुट्ट्या एकाच आठवड्यात जुळत होत्या. हे लिहायला लाज वाटते पण बहुतेक ट्रेकची तारीख डोंगर ठरवत नाही, रजेचा अर्ज ठरवतो.

पहिल्या आणि दुसऱ्यात मात्र आम्ही दोन संध्याकाळी घालवल्या आणि तो भाग मला अजूनही बरोबर वाटतो. काट्याच्या दिशेने गेलो असतो तर सावलीचा उतार वरून उतरावा लागला असता, म्हणजे ज्या बर्फाची खात्री नाही त्यावर पाय ठेवेपर्यंत ते दिसणारच नाही. आणि ओढा सहाव्या दिवशी, जेवण संपत आलेलं, मागे खिंड, पुढे पाणी. उलटं गेलो तर ओढा दुसऱ्या दिवशी पहाटे, नाही जमलं तर एका दिवसात घरी. सावलीचा उतार खालून चढायचा, पूर्ण नजरेसमोर, पहाटेच्या कडक बर्फावर. ताईने एका वाक्यात संपवलं, "ज्याची खात्री नाही ते आधी उरकायचं." सगळ्यांना पटलं.

पटलं ते बरोबरच होतं पण अर्धवट. ओढा दुसऱ्या दिवशी ओलांडला की तो शीटमधून गेला, खूण केली, झालं. चौथ्या-पाचव्या दिवशी परत फिरायची वेळ आली तर हाच ओढा परतीच्या वाटेत येणार, आणि तोपर्यंत चार दिवसांचं ऊन वरच्या बर्फावर पडलेलं असणार, म्हणजे पाणी दुसऱ्या दिवसापेक्षा जास्त असणार, हे चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

उताराचा कोन मात्र नीट मोजला होता. हिमस्खलन बहुतेक करून ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतं. १:२५,००० च्या नकाशावर २० मीटरच्या कॉन्टूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, असतील तर दोन रेषांमध्ये एक मिलिमीटर अंतर म्हणजे जवळपास ३९ अंश, दीड मिलिमीटरच्या आसपास म्हणजे २८ अंश. शाळेतली पट्टी घेऊन मी खिंडीखालचा पट्टा मोजला, मधला साधारण २५० मीटर चढाचा भाग ३४ ते ३७ अंशांत बसत होता. म्हणून नियम केला की रात्री बर्फ नीट गोठलं असेल तरच या पट्ट्यावर पाय ठेवायचा आणि सकाळी नऊच्या आत वर पोचायचं. हा नियम कागदावर लिहिला, चौघांनी वाचला. पुढे याच कागदाने वाचवलं, पण ते पुढे येतंच.

सामान, थोडक्यात

सगळी यादी देत बसत नाही, ज्याने फरक पडला तेवढंच. गॅसचे २३० ग्रॅमचे तीन डबे घेतले, माणशी दिवसाला २५ ग्रॅम हा उन्हाळ्याचा हिशोब. इथे मोठी चूक झाली. एक किलो बर्फ नुसतं वितळवायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून जवळपास ८० अंशांपर्यंत तापतं. म्हणजे प्यायचं पाणीही बर्फातूनच काढायचं असेल तर चहाच्या आधीच एक चहा जळून गेलेला असतो. उन्हाळ्यात आम्ही ओढ्याचं पाणी प्यायलो होतो, वर बर्फाखाली ओढे असतात पण हाताला लागत नाहीत, हे नंतर सुचलं.

धाकट्याच्या स्लीपिंग बॅगवर उणे ५ लिहिलेलं होतं, ते बघून तो खूश. ताईने लेबल नीट वाचलं तर तो लिमिटचा, म्हणजे जेमतेम रात्र निघेल असा आकडा निघाला, आरामात झोप लागेल तो कम्फर्टचा आकडा शून्याच्या वर होता. मग त्याच्या फुगवायच्या मॅटखाली एक फोमची मॅट घातली, दोन्हींची आर व्हॅल्यू, म्हणजे जमिनीची थंडी अडवायची ताकद, मिळून बेरीज होते, आणि बॅगच्या आत घालायला एक लायनर. पाण्याचा फिल्टर रात्री अंगाजवळ ठेवायचा हे ठरवलं होतं, कारण आतल्या बारीक नळ्या एकदा गोठून फुटल्या की बाहेरून काहीच कळत नाही आणि तुम्ही निवांत घाण पाणी पीत राहता. जेवण आठ दिवसांचं, माणशी दिवसाला ८०० ग्रॅमच्या आसपास. आठवा दिवस राखीव, लूपच्या शेवटी.

घरी एका मित्राकडे वाट आणि मुक्काम लिहून दिले होते. आठव्या दिवशी रात्री आठपर्यंत निरोप नाही आला तर मदत पथकाला फोन करायचा. सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे मोबाइलला रेंज नसली तरी उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र, होता, पण तो बंद पडला तरी हे चालू राहावं म्हणून.

पहिले चार दिवस

पहिला दिवस सोपा, १२ किलोमीटर, ओढ्याच्या अलीकडे मुक्काम. दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला ओढा ओलांडला, पाणी गुडघ्याला, बूट पायातच, सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून, म्हणजे पडलोच तर सॅक टाकून मोकळं होता येतं. थंडी इतकी की पलीकडे गेल्यावर पाच मिनिटं कोणी बोललंच नाही. पण वीस मिनिटांत सगळं झालं आणि आम्ही जाम खूश.

१९०० मीटरच्या वर बर्फ लागलं. सुरुवातीला मजा. साडेनऊनंतर कवच मऊ व्हायला लागलं आणि मग जे सुरू झालं ते दुपारी दोनपर्यंत. एक पाय टाकला की वर राहतो, वाटतं जमलं, सगळं वजन टाकलं की खाली. १९ किलोची सॅक पाठीवर घेऊन मांडीपर्यंत रुतलेला पाय बाहेर काढणं म्हणजे दर पावलाला एक उठाबशी. मोठ्या दगडांच्या आणि झाडांच्या कडेला तर आतून पोकळ असतं, तिथे धाकटा एकदा कंबरेपर्यंत गेला आणि हसत बसला, दादा हसला नाही. दहा वाजल्यापासून एकपर्यंत, तीन तासांत आम्ही अडीच किलोमीटरच्या थोडं वर गेलो. १० किलोमीटरच्या दिवशी ७ झाले.

तिसऱ्या दिवसापासून पहाटे चारला उठून सहाच्या आत निघायला लागलो, बाराला थांबायचं. ते जमलं, पण दिवसातले चालायचे तास निम्मे झाले. या दिवसांत उजेड साधारण बारा तास असतो, त्यातले सहा आपल्या कामाचे आणि बाकीचे सहा टेंटमध्ये बसून बर्फ वितळवण्याचे. तिसऱ्या दिवशी साडेसहा किलोमीटर, चौथ्या दिवशी साडेपाच. खिंडीच्या पायथ्याशी, ३१ किलोमीटरवर, २५०० मीटरला, आम्ही तिसऱ्या संध्याकाळी पोचायचो ते चौथ्या दुपारी पोचलो. एक दिवस गेला होता आणि राखीव दिवस लूपच्या त्या टोकाला, आठवा म्हणून, जिथे त्याचा काही उपयोग नव्हता.

निर्णयाची सकाळ

पहिल्या तिन्ही रात्री आकाश मोकळं होतं आणि सकाळी बाटलीतलं पाणी वरून गोठलेलं असायचं. चौथ्या संध्याकाळी ढग आले. मोकळ्या आकाशात बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता वर सोडून देतो आणि हवा शून्याच्या थोडी वर असली तरी गोठतो, ढग म्हणजे वर टाकलेली गोधडी, उष्णता जातच नाही. पहाटे साडेतीनला मी बाहेर आलो आणि बुटाची टाच बर्फावर मारली. आवाज व्हायला हवा होता, टक्क असा. नाही झाला, टाच घोट्यापर्यंत आत गेली. थर्मामीटर अधिक २.

वर उतारावर हेडटॉर्च मारला तर खडकांखालून आदल्या दुपारी सुटलेले बर्फाचे गोळे आणि त्यांच्या मागे पडलेल्या रेघा दिसत होत्या. सगळी वाचायला सोपी अक्षरं होती खरं तर, पण चार दिवस घालवून इथे आल्यावर माणसाला अक्षरं वेगळीच दिसायला लागतात. दादा म्हणाला, "अडीचशे मीटरचा पट्टा आहे, तासाभराचं काम, एकेक करून जाऊ." धाकटा सॅक बांधायलाच लागला होता.

पुढ्यात चार गोष्टी होत्या. आत्ताच जायचं. एक दिवस थांबायचं. बाजूच्या खडकाळ सोंडेवरून उतार टाळून जायचं. किंवा परत.

सोंड मी दुर्बिणीतून बघितली, हातपाय लावून चढायची होती, ओल्या खडकावर, सॅकसकट, ती पाच मिनिटांत गेली. आत्ताच जायचं हे कागदाने मारलं. ताईने सॅकच्या वरच्या कप्प्यातून घडी केलेला तो कागद काढला आणि वाचला, बास. तिने वादच घातला नाही. दादा दोन मिनिटं गप्प बसला आणि मग म्हणाला, "बरं, मग थांबू."

थांबायचं की परत यावर मात्र खरी चर्चा झाली, तासभर. थांबलो आणि सहाव्या सकाळी बर्फ गोठलेलं मिळालं तर पुढे ४५ किलोमीटर, तीन दिवस, उन्हाच्या बाजूला बर्फ कमी, जमलं असतं. पण थांबलो आणि सहाव्या सकाळीही नाही गोठलं तर? परत ३१ किलोमीटर, सातव्या दुपारी ओढ्यावर, तेव्हा पाणी जास्त, म्हणजे आठव्या पहाटेपर्यंत तिथे बसायचं आणि आठव्या दुपारी बाहेर. जेवण संपलेलं, घरचा मित्र फोन हातात घेऊन बसलेला. आणि त्या वेळी पहिल्यांदा कोणीतरी, बहुतेक मीच, मोठ्याने म्हणालो की ओढा परत ओलांडायचाय. सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले.

मेसेंजरवरचा अंदाज पुढच्या रात्रीही ढगच सांगत होता. गॅसचे दोन डबे संपलेले, तिसरा पाण्यात तरंगवून बघितला तर निम्म्याच्या आसपास, म्हणजे १२० ग्रॅम. बर्फ वितळवून आम्ही चौघं मिळून दिवसाला १८० ग्रॅम जाळत होतो. ऊन असतं तर काळ्या पिशवीवर बर्फ पसरून थोडं पाणी काढता आलं असतं, पण आकाश तसं मोकळं असतं तर रात्री बर्फ गोठून सकाळी आम्ही वर गेलोच असतो.

पाचवी एक वाट होती असं मला आठवत होतं. मागे, तिसऱ्या मुक्कामाजवळून एक बाजूची दरी खाली जाते आणि कुठेतरी जंगलातल्या गाडीरस्त्याला लागते, घरी मोठ्या नकाशावर मी तिथे पेन्सिलने बारीक खूणही केली होती. सोबतचा नकाशा काढला. प्रिंट काढताना मी लूपच्या बाहेर दोन सेंटीमीटर सोडून बाकी कापून टाकलं होतं, वजन आणि घडी कमी म्हणून. ती दरी त्या कापलेल्या कडेवर जाऊन संपत होती. फोनमधला ऑफलाइन नकाशाही तेवढाच चौकोन. पुढे रस्ता किती लांब, मध्ये हाच ओढा मोठा होऊन आडवा येतो का, पूल आहे का, काहीच माहीत नाही. पेन्सिलची खूण घरी टेबलावर होती.

साडेसहाला आम्ही खाली वळलो.

परतीचा ओढा

पाचव्या दिवशी तिसऱ्या मुक्कामापर्यंत खाली आलो, स्वतःच्याच पावलांच्या खड्ड्यांतून. आणि त्या रात्री अकराच्या सुमाराला ढग फाटले. अंदाज एका रात्रीने चुकला. सकाळी बाटली दगडासारखी, बर्फावर टाच मारली की टक्क. दादाने काही म्हटलं नाही, नुसती टाच चार-पाच वेळा मारली, मुद्दाम, आम्हाला ऐकू येईल अशी.

त्या कडक बर्फावर आम्ही पळत सुटल्यासारखे उतरलो आणि सहाव्या दिवशी दुपारी एकला ओढ्यावर. दुसऱ्या दिवशीचं काचेसारखं पाणी आता चहाच्या रंगाचं, आणि पाण्याखालून ठक ठक आवाज येत होता, तळातले दगड वाहताना एकमेकांवर आपटत होते. तो आवाज एकदा ऐकला की चर्चा लागत नाही. धाकट्याने विचारलं, "दोरी आहे ना आपल्याकडे?" दादा लगेच म्हणाला, "दोरी पाण्यात नाही लावायची." बांधलेला माणूस पडला की दोरी त्याला प्रवाहात अडकवून खाली दाबते, हे दादाने धाकट्याला तिथेच दगड आणि सुतळी घेऊन दाखवलं.

संध्याकाळी पाण्याच्या कडेला एक काठी रोवली. आठ वाजता पाणी काठीच्या वर चढलेलं होतं. पहाटे पाचला काठी कोरड्यात उभी, पाण्यापासून दीड हात लांब. मी आधीच्या दुपारी वरच्या अंगाला चारशे मीटर चालून जागा बघून ठेवली होती जिथे ओढा तीन फाट्यांत पसरतो. अरुंद जागा बघून मोह होतो, पण अरुंद म्हणजे खोल आणि जोरात. तीन फाटे, दोन गुडघ्याला, मधला अर्ध्या मांडीपर्यंत. तिघं एकमेकांच्या खांद्यांना धरून, तोंड प्रवाहाकडे, सगळ्यात वजनदार म्हणजे दादा पुढे, आणि मी मागून पोल टेकत. मधल्या फाट्यात एकदा दादाचा पाय सरकला, अर्धा सेकंद, मागच्या दोघांनी धरला. एवढंच, पण पूर्ण सात दिवसांतला सगळ्यात धोक्याचा क्षण हाच होता, खिंड नाही, आणि हा शीटमध्ये कुठेच नव्हता.

निकाल

सातव्या दिवशी साडेअकराला रस्त्यावर. ६२ किलोमीटर झाले, लूप झाला नाही, कोणाला मोठं काही झालं नाही. ताईच्या पायाच्या दोन बोटांना महिनाभर बधिरपणा राहिला, धाकट्याचे ओठ सुजले, कारण ढग असले तरी बर्फावरून अतिनील किरण खालून वर येतात आणि त्याने क्रीम फक्त नाकाला लावलं होतं.

आता प्रश्न हा की पाचव्या सकाळचा निर्णय बरोबर होता का. निकाल बघितला तर थांबायला हवं होतं, रात्री गोठलं, सहाव्या सकाळी खिंड मिळाली असती. पण त्या सकाळी आमच्याकडे जे होतं ते म्हणजे ढगांचा अंदाज, १२० ग्रॅम गॅस आणि परतीच्या वाटेत रोज चढणारा ओढा. त्यावर मी परत तेच ठरवीन. माझं भांडण त्या सकाळशी नाहीये, त्या सकाळी आमच्याकडे इतके कमी पर्याय का होते याच्याशी आहे, आणि त्याचं उत्तर घरी टेबलावर आहे.

परत केलं तर काय बदलेन

राखीव दिवस शेवटी ठेवणार नाही. तो खिंडीच्या पायथ्याशी ठेवीन, मुक्काम म्हणूनच लिहीन, म्हणजे थांबणं हा हरल्याचा नाही तर प्लॅनचाच भाग होईल. शेवटी वाचला तर घरी लवकर जाऊ, त्याची कोणाला तक्रार नसते.

शीटमध्ये दर दिवसासमोर अजून दोन कॉलम. एक, अवघड जागी किती वाजता असायला हवं. दुसरा, आज इथून मागे फिरलो तर वाटेत काय लागेल आणि ते जाताना होतं तसंच असेल का. हा दुसरा कॉलम भरताना मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण लूपमध्ये मन सारखं पुढेच बघतं. त्याच वाटेने जाऊन परत येणाऱ्या ट्रेकमध्ये परतीचा विचार आपोआप होतो, लूपमध्ये मुद्दाम करावा लागतो.

बर्फ लागणाऱ्या दिवसांना किलोमीटरमध्ये मोजणार नाही, सकाळच्या सहा तासांत मोजीन आणि तासाला एक-सव्वा किलोमीटर धरीन. या हिशोबाने हा लूप नऊ दिवसांचा आहे. मग एकतर नऊ दिवस काढायचे नाहीतर खालच्या जंगलातला तिसरा पर्याय घ्यायचा, जो आम्ही "त्याच वाटेने परत काय यायचं" म्हणून नाकारला होता आणि शेवटी तोच केला, जास्त ओझं घेऊन.

नकाशा कापणार नाही. सगळ्या बाजूंना पुढच्या गाडीरस्त्यापर्यंत छापीन, दोन पानं जास्त झाली तर झाली. ती बाजूची दरी मी घरी आल्यावर नीट बघितली, तिथून खाली १४ किलोमीटर, आणि ओढ्यावर गाडीचा पूल आहे. म्हणजे मांडीभर पाण्यात उतरायची गरजच नव्हती. हे ग्रुपला सांगायला मला चार दिवस लागले.

गॅस बर्फाच्या दिवसांना माणशी ५० ग्रॅम. कागदावर लिहिलेले नियम तसेच ठेवीन आणि ते वाचायचं काम वर जायची सगळ्यात जास्त घाई असलेल्या माणसाकडे देणार नाही. आमच्याकडे तो ताईच्या सॅकमध्ये होता हा निव्वळ योगायोग, माझ्या सॅकमध्ये असता तर मी काढला असता का, खरं सांगायचं तर माहीत नाही.

दादा अजूनही म्हणतो की एक दिवस थांबलो असतो तर झाला असता लूप. गॅस कुठून आणला असता ते विचारलं की विषय बदलतो.